तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

माझ्या सासऱ्यांचं डोकं ठिकाणावर आहे, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. काम साधं होतं. त्यात पुढे एक गाय येणार आहे, एक जाकीट येणार आहे आणि माझ्या अब्रूचं जे काही व्हायचं ते साऱ्या देशासमोर होणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर मी त्या रविवारी फोन मार्लिसच्या हातात दिला असता आणि निमूटपणे गॅरेज झाडायला गेलो असतो.

मार्लिस माझी बायको. एल्मर तिचे वडील, वय शहाऐंशी. आमच्या लुंडबी गावाचं बेसबॉलचं मैदान म्हणजे पूर्वीचं त्यांचं मक्याचं शेत. जमीन त्यांनी दिली, ट्रॅक्टर फिरवून सपाट त्यांनीच केली आणि पुढे जन्मभर त्यावरचं गवतही त्यांनीच कापलं. दुसऱ्या कोणी कापलं तर ते तिथे उभे राहून नुसते बघायचे, आणि तो माणूस पुन्हा यंत्राला हात लावत नसे. मग मिनेसोटाची थंडी त्यांच्या छातीला सोसेना, म्हणून धाकट्या मुलीने, व्हर्नाने, त्यांना ॲरिझोनाला नेलं आणि आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे बर्फ नाही, चिखल नाही आणि एल्मरच्या मते जमीनही नाही, नुसती वाळू आहे.

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसे आहात, एल्मर?"

"वाईट नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "इथे मला वेडा समजतात."

झालं होतं असं की, जेवणाच्या टेबलावर एल्मरनी सहज सांगितलं, आमच्या गावाची टीम, लुंडबी लार्क्स, चार वर्षं लागोपाठ राज्यात पहिली आली आहे. टेबलावर पेट्रुची नावाचे न्यू जर्सीचे एक गृहस्थ होते. जन्मभर मोठ्या दुकानात सूट विकलेले, त्यामुळे समोरच्याला काय शोभतं आणि काय नाही हे सांगायची त्यांना सवय. ते म्हणाले, "चार वर्षं? मग टीव्हीवर कसं नाही कधी ऐकलं?"

"मी म्हटलं, दाखवत नाहीत," एल्मर सांगत होते. "तर म्हणतो, अहो, त्या खेळांच्या चॅनेलवर परवा कुत्र्यांची पोहण्याची शर्यत दाखवली, आणि तुमचे विजेते तेवढे राहिले होय? सगळे हसले. आता ती नर्स रोज येऊन माझा हात थोपटते. म्हणते, हो हो, जिंकले हं तुमचे लार्क्स. आणि सकाळची एक गोळी वाढवली आहे."

"गोळी?"

"पिवळी. ऑर्लिन, मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. पकडलेल्या माशांची लांबी सोडून."

मला भडभडून आलं. एक तर हा माणूस खरं बोलत होता, आणि दुसरं म्हणजे फोनवर तो माझ्याशी इतकी वाक्यं आजवर कधी बोलला नव्हता. मी गारपिटीचा विमा विकतो. ज्याला आभाळातून काही पडलं तरच आपली आठवण येते, अशा धंद्याबद्दल शेतकऱ्याला फारसा आदर नसतो. मी मार्लिसला मागणी घातली तेव्हा एल्मरनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं होतं आणि एकच शब्द उच्चारला होता, "वेगळंच."

आमच्याकडे ह्या शब्दाला फार वजन आहे. आमच्या भागात कोणी कोणाला वाईट म्हणत नाही. चर्चच्या जेवणात कोणी जेलीत गाजर आणि कोलंबी घालून आणली तर लोक एक चमचा खातात आणि म्हणतात, "वेगळंच आहे." ती बाई पुढल्या वर्षी पाव आणते. उलट एखादी गोष्ट डोळ्यांत पाणी येईल इतकी सुंदर असेल तर म्हणायचं, "वाईट नाही." ह्याच्या वर शब्द नाही. आणि तिसरा नियम असा की कोणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यायचं. ओले बर्गेचं कोठार पेटलं तेव्हा शेजारी पाण्याचा टँकर घेऊन धावले आणि विचारते झाले, मारू का पाणी? ओले दोनदा म्हणाला, "राहू द्या हो, तुम्हाला कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारीपर्यंत छप्पर गेलं होतं. पण ओलेला कोणी हावरट म्हटलं नाही.

असो. मी एल्मरना म्हणालो, "काळजी करू नका. ऑगस्ट संपायच्या आत लार्क्सचं नाव राष्ट्रीय टीव्हीवर येईल. माझा शब्द."

"उगाच त्रास घेऊ नकोस," एल्मर म्हणाले. पण एकदाच म्हणाले, म्हणजे त्यांना ते हवं होतं. मी फोन ठेवला आणि मार्लिसला माझा बेत सांगितला. ती भांडी पुसत होती. तिने एक ताटली पुसली, उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "वेगळंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅफेत विषय काढला. ही माझी चूक. कॅफेत विषय काढला की तो आपला राहत नाही. तिथे लार्क्सचा मॅनेजर डुएन फॉसम होता, पास्टर नायगार्ड होते, आणि क्लबच्या अध्यक्षा ग्लॅडिसबाई होत्या. ग्लॅडिसबाई अध्यक्षा आहेत कारण सामन्याला खायचं त्या करतात, आणि ज्याच्या हातात खाणं त्याच्या हातात क्लब.

"टीव्ही?" ग्लॅडिसबाई म्हणाल्या. "कितीजण येतील? हॉटडिशची पातेली भट्टीत दोन लावू की तीन?"

"अजून यायचंच नक्की नाही," मी म्हटलं.

"तीन लावते."

पास्टर नायगार्डना वेगळीच काळजी होती. "ऑर्लिन, त्यांना कळवायचं ते कळव. फक्त त्यात बढाई नको."

"पास्टर, चार वर्षं लागोपाठ जिंकलोय. ते कळवायचं तर सांगावं लागणारच."

"सांग ना. पण त्यांना कळणार नाही अशा बेताने सांग."

मी डुएनकडे पाहिलं. डुएन तीस वर्षं मॅनेजर आहे आणि दर मोसमाला साधारण अर्धा डझन शब्द बोलतो. तो कॉफीत बघून म्हणाला, "हवा चांगली हवी." एवढ्यावर सभा संपली.

मी पहिलं पाऊल टाकलं ते जाकिटाचं. चॅनेलवाले आले तर त्यांना कोणीतरी अधिकृत दिसणारा माणूस सापडायला हवा, असा माझा विचार. तेव्हा शहरातून वाऱ्यापावसाचं एक पातळ जाकीट शिवून आणलं. जांभळं. पाठीवर पिवळ्या अक्षरांत, खांद्यापासून खांद्यापर्यंत, लुंडबी लार्क्स, राज्य विजेते, आणि खाली चारही वर्षं. मी ते घालून सामन्याला गेलो. स्टँडमध्ये कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे एवढी शांतता फक्त अंत्यविधीला असते. तिसऱ्या डावात पास्टर शेजारी येऊन बसले आणि समोर बघत म्हणाले, "रंग वेगळाच आहे." घरी आल्यावर मार्लिसने ते जाकीट उलटं केलं, अस्तर बाहेर आणि अक्षरं आत, आणि म्हणाली, "घालायचंच असेल तर असं घाल." उन्हाळाभर मी ते उलटंच घातलं. अस्तर राखाडी होतं. मी त्यात नळदुरुस्तीवाल्यासारखा दिसायचो, पण अक्षरं पाठीला लागून आहेत ह्याचा मला आतून आधार वाटायचा.

दुसरं पाऊल व्हिडिओ टेप. चॅनेलला टेप पाठवायची, म्हणजे ते बघतील आणि धावत येतील. लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्याकडून मी कॅमेरा आणला आणि एकेका खेळाडूला मैदानावर उभा केला. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, मायलो ब्रेक. दिवसातून दोनदा गाई पिळतो, त्यामुळे त्याच्या मनगटात जे आहे ते व्यावसायिक खेळाडूंकडेही नाही. त्याचा चेंडू फलंदाजाला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मी म्हटलं, "मायलो, तुझ्याबद्दल सांग."

मायलो कॅमेऱ्याकडे बघून लाल झाला. "गाईंच्या वेळा सांभाळून खेळतो."

"अरे, मागच्या फायनलमध्ये तू काय केलंस ते सांग."

"हो, त्या दिवशी त्यांचं जरा बिनसलं होतं. चेंडू लागतच नव्हता बिचाऱ्यांना."

कॅचर म्हणाला, दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून मी उभा राहतो. सर्वांत जास्त धावा करणारा पोरगा म्हणाला, वारा त्या बाजूचा होता. डुएनने नुसती टोपी नीट केली. अख्ख्या टेपभर आमची टीम जिंकल्याबद्दल माफी मागत होती. शेवटी मी स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, छाती भरून घेतली, आणि लक्षात आलं की माझंही तेच. "आम्ही सर्वोत्तम आहोत" हे वाक्य जिभेच्या टोकापर्यंत येई आणि तिथे बसून राही. मी म्हणालो, "तर असं आहे." आणि कॅमेरा बंद केला.

तरी टेप पाठवली. तोवर गावाने बाकीच्या अडचणी काढल्या. चॅनेलची गाडी उभी कुठे राहणार? डाव्या कुंपणामागे कोणतंही वाहन उभं करू नये असा नगर मंडळाचा जुना ठराव आहे. तो एका बैलामुळे झाला होता, आणि बैल कधीच वारला आहे, पण ठराव आहे. तो उठवायला मंडळाची सभा हवी, सभेला निम्मे सभासद हवेत, आणि निम्म्याहून जास्त सभासद लार्क्समध्ये खेळतात. सामना असला की सभा नाही, सामना नसला की गवत वाळवायचं. अखेर सामन्यातच, आमची फलंदाजी चालू असताना, बाकावर सभा घेतली. ठराव मांडणारा मध्येच फलंदाजीला गेला, सगळ्यांच्या डोक्यांवरून चेंडू कुंपणापार धाडून आला, घाम पुसत म्हणाला, "कुठे होतो आपण?" आणि ठराव मंजूर झाला. मायलोच्या गाई बिचकतील म्हणून गाडीचा भोंगा वाजवू नये, अशी दुरुस्ती त्यात घातली.

आणि मग फोन आला.

फोन मला आला नाही. क्लबचा म्हणून जो नंबर आहे तो ग्लॅडिसबाईंच्या स्वयंपाकघरातला. मला ही बातमी पाच दिवसांनी कळली, तीही अशी की ग्लॅडिसबाई सामन्याला आल्या नाहीत. त्या आजारी असतील म्हणून मी बघायला गेलो, तर बाई फोनशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. टेबलावर, फ्रिजवर, खिडकीत, इस्त्रीच्या फळीवर, सगळीकडे लिंबाच्या वड्यांची ताटं.

"ग्लॅडिस, हे काय?"

"टीव्हीवाल्यांसाठी. पाच दिवसांपूर्वी फोन आला होता चॅनेलच्या त्या हॉलोवे बाईचा. फार गोड बोलते. म्हणाली, फायनलला माणसं पाठवू का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, अगं कशाला, एवढ्या लांब यायचं."

"ग्लॅडिस!"

"ऐक तर. मग ती म्हणाली, नक्की ना? म्हटलं, हो हो, उगाच त्रास नको, आमचं काय, साधंच आपलं. मग म्हणाली, ठीक आहे तर. आणि ठेवला की फोन." ग्लॅडिसबाईंनी फोनकडे प्रेमाने पाहिलं. "आता तिसऱ्यांदा करेल. म्हणून कुठे हलले नाही."

मी त्यांना काय सांगणार होतो? बाई सत्तर वर्षांच्या, आणि सत्तर वर्षांत तिसऱ्यांदा न विचारणारं माणूस त्यांना भेटलेलं नव्हतं. त्यांनी मला वडी देऊ केली. मी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी चार खाल्ल्या. रागात माणूस जास्त खातो.

ग्लॅडिसबाईंकडून नंबर घेऊन दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन लावला. ह्या वेळी कसून तयारी केली होती. आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये उभं राहून मी "आम्ही राज्यात सर्वोत्तम आहोत" हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव केला होता. तिसऱ्या वेळी शेजारचा आर्विड कुंपणावरून डोकावून म्हणाला, "बरं वाटत नाहीये का?"

मिस हॉलोवे फोनवर आल्या. आवाज गोड, पण घाईचा. "हं, लुंडबी. टेप पाहिली मी. फार नम्र मंडळी आहेत. एकच सांगा, तुमची टीम चांगली आहे का?"

हाच तो क्षण. माझ्या डोळ्यांसमोर एल्मर आले, ती नर्स आली, ती पिवळी गोळी आली. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून, माझ्या आजोबा-पणजोबांच्या तोंडातून निघावं तसं, निघालं, "वाईट नाही."

"असं होय," मिस हॉलोवे म्हणाल्या. "मग पुढे कधी चांगली झाली तर जरूर कळवा हं."

आमच्याकडची बाई असती तर हे ऐकून तिला रडू कोसळलं असतं. मिस हॉलोवेंनी फोन ठेवला.

हे कमी होतं म्हणून त्याच आठवड्यात बातमी आली की चॅनेलचा माणूस आमच्या जिल्ह्यात येतोय. शेजारच्या वेस्टरबो गावात. वेस्टरबोची टीम गेली चार वर्षं आमच्याकडून हरते, पण त्यांच्या जत्रेत एक खेळ असतो. मैदानावर चुन्याने चौकोन आखतात, एक गाय सोडतात, आणि गाय ज्या चौकोनात शेण टाकेल त्या चौकोनाचं तिकीट घेतलेल्याला डुक्कर मिळतं. ते दाखवायला राष्ट्रीय चॅनेल येणार होतं, फायनलच्याच दिवशी. मी ही बातमी कॅफेत ऐकली आणि कॉफी अर्धी टाकून बाहेर आलो. माणसाला स्वतःच्या अपमानाची सवय होते, पण शेणाने मागे टाकलं की लागतं हो. त्या रविवारी एल्मरचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये लपलो. मार्लिस म्हणाली, "बाबांनी विचारलंय, ऑगस्ट किती दिवसांचा असतो." गोळ्या आता दोन झाल्या होत्या.

फायनल आमच्याच मैदानावर होती. आभाळ सकाळपासून पश्चिमेला काळं. आठव्या डावापर्यंत आम्ही एका धावेने पुढे, मायलो फेकतोय, सगळं गाव श्वास रोखून, आणि ग्लॅडिसबाईंच्या खाण्याच्या टपरीच्या खिडकीशी एक परका माणूस. खांद्यावर कॅमेरा. मी धावत गेलो.

"तुम्ही चॅनेलचे?"

"रे डेलगाडो," तो म्हणाला. "वेस्टरबोहून आलो. गाईचा काही मूड नाही अजून. तीन तास नुसती उभी आहे. म्हटलं, इथे काही खायला मिळतंय का बघावं."

ग्लॅडिसबाईंनी वड्यांचं ताट पुढे केलं. "घेणार का थोडं?"

"घेतो की," रे म्हणाला आणि घेतली.

ग्लॅडिसबाईंच्या हातून चिमटा पडला. पहिल्याच हाकेला! त्यांना काय वाटलं ते त्यांनी मला पुढे सांगितलं, पण ते पास्टरांसमोर लिहिण्यासारखं नाही. मी मात्र रेला सामना बघायला सांगणार एवढ्यात विजेचा कडकडाट झाला आणि पंचाने हात वर केले. पाऊस.

पाऊस आला की मैदानाच्या मध्यावर ताडपत्री ओढायची. ती एवढी मोठी की गावातल्या धडधाकट माणसांनी सगळीकडून धरून पळावं लागतं. मी धावलो. डुएन माझ्याकडे बघून म्हणाला, "ऑर्लिन, तू नको." त्या मोसमातले त्याचे हे निम्मे शब्द असतील, आणि मी ऐकले नाहीत. मी कोपरा धरला. आम्ही अर्ध्यावर पोचलो असू, तोच वारा ताडपत्रीच्या खाली शिरला आणि ती मध्ये फुगली. जाणत्या माणसांनी हात सोडले. तसंच करायचं असतं. पण मी सोडला नाही, कारण त्या ताडपत्रीचा विमा मीच उतरवला होता, आणि ती उडून मायलोच्या मक्यात गेली असती तर भरपाईचा अर्ज माझ्याच टेबलावर आला असता. माझ्याच हाताने मलाच तो मंजूर करावा लागला असता.

पाय जमिनीवरून सुटल्याचं मला आठवतं. वरून गाव छान दिसतं. मग मी खाली आलो आणि ताडपत्री माझ्या अंगावर आली, आणि दोघं मिळून कुंपणापर्यंत गडगडत गेलो. आत अंधार, चिखल आणि माझाच आवाज. बाहेर हाका ऐकू येत होत्या.

"ऑर्लिन, बाहेर काढू का?" हा मायलोचा आवाज.

आणि वाचकहो, मी तोंडात चिखल असताना म्हणालो, "राहू दे, कशाला त्रास."

"काढू का रे?"

"नको, ठीक आहे मी."

देवाची कृपा की मायलो आमच्याच गावचा. तिसऱ्यांदा विचारून, मी हो म्हणताच, त्याने ताडपत्रीच्या फटीत हात घातला, त्याच्या हाताला माझ्या जाकिटाची खालची कड लागली, आणि गाई पिळणाऱ्या त्या मनगटांनी त्याने ती ओढली. मी बाहेर आलो, पण जाकीट माझ्या आधी निघालं. ते पाठीवरून, डोक्यावरून सोलत वर गेलं, हातांत अडकलं आणि उलट्याचं सुलटं झालं. मी डोळ्यांवर जाकीट घेऊन, हात वर करून, चिखलात गुडघ्यावर उभा होतो, आणि माझ्या तोंडासमोर जांभळ्यावर पिवळ्या अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. ते मला दिसत नव्हतं. स्टँडमध्ये सगळं गाव हसत सुटलं. पास्टर सर्वांत जोरात.

पाऊस थांबला. मायलोने उरलेले फलंदाज धडाधड बाद केले आणि आम्ही पाचव्यांदा जिंकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, टोप्या नीट केल्या आणि खुर्च्या घडी घालायला लागले. रे गाडीत बसताना म्हणाला, "गाईकडे जायला हवं." सामन्याचा शेवट त्याने काढलाच नव्हता. मी घरी येऊन आंघोळ केली आणि सरळ झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे कॅफेत जमले, वेस्टरबोची गाय बघायला. मी येणार नव्हतो, मार्लिसने दंडाला धरून आणलं. गाय आली. तिने अखेर मनावर घेतलं होतं. निवेदक पोट धरून हसला आणि म्हणाला, "त्याच जिल्ह्यातून आणखी एक."

आणि पडद्यावर मी. हवेत. मग जमिनीवर. मग ताडपत्रीची गुंडाळी, मग मायलो, मग जाकीट. चित्र तिथे थांबवलं. निवेदक पुढे वाकून, एकेक अक्षर लावत वाचायला लागला. "लुंडबी लार्क्स. राज्य विजेते." मग ती चार वर्षं, एकेक करून. तो हसायचा थांबला. "थांबा, थांबा. चार वर्षं लागोपाठ? आणि आत्ता माझ्या कानात सांगतायत की काल पाचव्यांदा? अहो, मग आपण ह्यांच्याबद्दल कधी ऐकलं कसं नाही?"

ग्लॅडिसबाई हळूच म्हणाल्या, "तिसऱ्यांदा विचारलं असतं तर ऐकलं असतं."

तेवढ्यात कॅफेचा फोन वाजला. मालकाने तो माझ्याकडे दिला. पलीकडे जत्रेसारखा गोंगाट. एक अनोळखी आवाज ओरडत होता, "पेट्रुची बोलतोय! मी माफी मागितली आहे, मला माझी खीरसुद्धा त्यांना द्यावी लागली! ते जाकीट कुठे शिवलंत? खांद्यात बसत नाही ते तुम्हाला!" मग नर्सचा आवाज आला, पिवळ्या गोळ्या आजपासून बंद म्हणून. मग खरखर झाली, आणि एल्मर.

"ऑर्लिन."

"हो, एल्मर."

"मी त्यांना सांगितलं, तो ताडपत्रीतला माझा जावई आहे." मोठा श्वास घेतला त्यांनी. "वाईट नाही."

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. मार्लिसने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखून आपला रुमाल दिला. मला आनंद झाला, फार आनंद झाला, आणि तो लपवायला मी घसा खाकरून म्हणालो, "एल्मर, पुढच्या महिन्यात विजयाचं जेवण आहे, मैदानावरच. थंडी पडायच्या आत येऊन जा."

"छे, एवढ्या लांब. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? या हो."

"नको नको. म्हाताऱ्या माणसाचं काय काम तिथे."

सगळा कॅफे माझ्याकडे बघत होता. कॅमेरा नव्हता, तरी डुएनने टोपी नीट केली. ग्लॅडिसबाईंनी तीन बोटं वर धरली होती, मला विसर पडेल म्हणून.

"एल्मर," मी म्हणालो, "या. तुमची खोली मार्लिसने तशीच ठेवली आहे."

ग्लॅडिसबाईंनी बोटं खाली घेतली.

"तू गडगडत होतास ना," एल्मर म्हणाले, "तेव्हा मी मागचं गवत पाहिलं. कोण कापतं हल्ली?"

"मी."

"वाटलंच. वेगळंच आहे." मग म्हणाले, "येतो. पण मी येईपर्यंत त्या यंत्राला हात लावू नकोस."